पोरगं रात्रभर जागून करतंय तरी काय?



या पानावर मी नेहमी बेणे, खत, पाणी आणि हुमणी याविषयी लिहितो. या वेळी जरा निराळ्या पिकाविषयी लिहिणार आहे. हे पीक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात उभे आहे, परंतु शेतकी खात्याच्या कोणत्याही रजिस्टरला त्याची नोंद नाही. हे पीक म्हणजे घरातला विशी-बाविशीतला मुलगा किंवा मुलगी. त्यातही ज्याच्या हाताला चित्राचा, गाण्याचा, गोष्ट सांगण्याचा नाद आहे, असे मूल. आपण म्हणतो, "पोरगं मोबाईलात गेलं." ते नेमके कुठे गेले, हे मात्र आपण आत डोकावून बघत नाही.

मागच्या उन्हाळ्यात खोडव्याच्या पाहणीला मी एका गावी गेलो होतो. सभासदाचे नाव आणि गाव सांगत नाही. सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू. खोडवा चांगला होता, पाचट जाळले नव्हते, नांगेही भरले होते. मी तसे बोललो, तरी तात्यांचा चेहरा काही खुलेना. बांधावर बसताच म्हणाले, "साहेब, उसाचं सोडा. आमच्या धाकट्याला जरा चार शब्द सांगा. रात्रभर जागतोय, दिवसा तोंड पाडून हिंडतोय. आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत न्हाई."

"झालं काय?" मी विचारले.

"काय न्हाई. रात्रीची लाईट होती, मोटर चालू करून पाणी पाजून पहाटं तीनला घरी आलो. बघतो तर ह्याचा कॉम्प्युटर चालूच! हा गडी शेजारी झोपलेला आणि यंत्र आपलं घरघरतंय. म्हटलं, बिल कोण भरणार? पाडला खटका. सकाळी उठला आणि लहान पोरासारखा रडला हो."

खटक्याने काय मोडले?

तात्यांच्या घरी चहाला गेलो. मुलगा आतल्या खोलीत होता. वहिनींनी हाक मारली तेव्हा बाहेर आला. "नमस्कार साहेब," म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला. मी त्याला उपदेश केला नाही. इतकेच विचारले, "रात्री ते यंत्र काय करत होते?"

त्याने हळूहळू सांगितले. 'ब्लेंडर' नावाची एक संगणक-प्रणाली आहे. तिच्यात माती न घेता मूर्ती घडवता येते, त्या मूर्तीला हालवता येते आणि तिचा सिनेमा करता येतो. हा मुलगा गेली दोन वर्षे यूट्यूबवरचे धडे बघून ते शिकतो आहे. शिकवणारा गुरू ऑस्ट्रेलियातला, आणि जगभरच्या नवशिक्यांचा पहिला धडा म्हणजे मध्ये भोक असलेला गोड पाव, त्याला डोनट म्हणतात. आमच्या ह्या पोराने पाव केला, आणि मग स्वतःच्या मनाने गुळाची ढेप केली. ती मला दाखवली. कापड काढताना ढेपेवर उमटतात तशा वळ्यासुद्धा तिच्यावर होत्या!

आता हिशेब बघा. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे लागतात. त्याचा सिनेमा ४० सेकंदांचा, म्हणजे ९६० चित्रे. त्याच्या जुन्या संगणकाला उजेड, सावली, रंग यांचे गणित करून एक चित्र तयार करायला दोन मिनिटे लागतात. म्हणजे १,९२० मिनिटे, बरोबर ३२ तास. शुक्रवारी रात्री ८ वाजता त्याने काम लावले. ते रविवारी पहाटे ४ वाजता पुरे व्हायचे होते. नशिबाने मधे वीजही गेली नव्हती. तात्यांनी खटका पाडला तो ३ वाजता. फक्त ३० चित्रे राहिली होती. त्याने सगळा सिनेमा एकाच फाइलीत काढायला लावलेला असल्यामुळे ती अर्धवट फाइल उघडेचना. ३१ तासांचे काम गेले.

बिलाचाही हिशेब मी तिथेच मांडला. तसला संगणक २०० वॅट धरला, तर ३२ तासांना सहा-साडेसहा युनिट होतात. आपली पाच अश्वशक्तीची मोटर दोन तास चालली, तर याहून जास्त युनिट पडतात. तात्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला काय ठावं, साहेब? सांगितलं असतं तर कशाला पाडला असता?"

मुलगा पटकन म्हणाला, "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मंडळी, सगळे दुखणे या दोन वाक्यांत आहे. एकाने सांगितले नाही आणि दुसऱ्याने विचारले नाही.

हे अवजार आले कुठून?

"ही प्रणाली केवढ्याला घेतली?" मी विचारले. "फुकट आहे," तो म्हणाला. फुकट म्हटले की आपल्याला शंका येते. पुढे त्याच्याकडून आणि स्वतः वाचून मला जे कळले, ते सहकारी कारखान्याच्या सभासदाने मुद्दाम ऐकण्यासारखे आहे.

ब्लेंडर हे नेदरलँड्समधल्या टोन रोझेंडाल या माणसाने उभे केले. पुढे त्याची कंपनी चालेना, ती बंद पडली. प्रणालीचे हक्क पैसे गुंतवणाऱ्यांकडे अडकले. २००२ साली त्याने वापरणाऱ्यांनाच हाक घातली, की आपण सर्वांनी मिळून एक लाख युरो जमवू, हक्क सोडवून घेऊ आणि प्रणाली सर्वांसाठी मोकळी करू. सात आठवड्यांत ती रक्कम जमली. तेव्हापासून जगातला कोणीही ती वापरू शकतो, तिच्यात सुधारणा करू शकतो.

गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरा परिसरात तेच केले, पाठीशी धनंजयराव गाडगीळ उभे राहिले, आणि १९५० साली तिथला सहकारी कारखाना सुरू झाला. एकट्याला न परवडणारे यंत्र सर्वांनी मिळून घ्यायचे, हेच तत्त्व. तेव्हा तात्यांच्या माजघरात जी प्रणाली चालू होती, तीही एक प्रकारे सहकाराचीच. फरक इतकाच, की तिच्यात शेअर नसला तरी लाभ मिळतो.

त्या अवजाराची ताकद केवढी, हेही सांगतो. लाटव्हिया हा युरोपातला छोटा देश, लोकसंख्या वीस लाखांच्या आत. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याहूनही कमी. तिथे १९९४ साली जन्मलेला गिंट्स झिल्बालोडिस नावाचा मुलगा चलच्चित्रे करू लागला. 'अवे' हा त्याचा पहिला मोठा चित्रपट २०१९ साली आला. तो त्याने एकट्याने केला, चित्रे, हालचाल, संगीत सगळे स्वतः, आणि त्याला सुमारे साडेतीन वर्षे लागली. पुढचा चित्रपट 'फ्लो' २०२४ साली आला. तो त्याने सहकाऱ्यांना घेऊन ब्लेंडरमध्येच केला. महापुरात सापडलेले एक मांजर इतर प्राण्यांबरोबर एका होडीत कसे राहायला शिकते, एवढीच गोष्ट आहे. साऱ्या चित्रपटात माणसाचा एक शब्द नाही. मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले, त्या देशाचे ते पहिलेच ऑस्कर.

हे सांगितले म्हणून प्रत्येकाचे पोरगे ऑस्कर आणेल, असे कोणी समजू नये. शंभर टन एकरी काढणाऱ्याचा सत्कार आपण करतो, परंतु सगळ्यांचा ऊस तसा निघत नाही. मुद्दा एवढाच, की हे काम आडसाली उसासारखे आहे. सोळा-अठरा महिन्यांनी तोडीला येणाऱ्या उसाकडे आपण चौथ्या महिन्यात "अजून टनेज का नाही?" असे विचारत नाही. पोराला मात्र विचारतो.

टनेज आणि उतारा

त्या मुलाची दुसरी खंत निराळीच होती. गुळाच्या ढेपेचे चित्र त्याने यूट्यूबवर टाकले, तीन आठवड्यांत ४१ जणांनी बघितले. त्यात निम्मे मित्र. त्याच गावातला दुसरा एक मुलगा दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणे लावून मागे घेतो, ते हजारो लोक बघतात. "मग मी कशाला मरमर करू?" असे त्याने मला विचारले.

मी म्हणालो, "बाळ, तुझे वडील कारखान्याला ऊस घालतात. वजनकाट्यावर टनेज दिसते. पण साखर किती निघणार, हे काटा सांगत नाही. ते उताऱ्यावरून कळते. बघणाऱ्यांचा आकडा हे टनेज आहे. तुझ्या हाताला किती आले, हा उतारा आहे. दोन्ही पाहिजेत हे खरे, पण एकावरून दुसरे ठरवू नकोस." तो पहिल्यांदाच हसला.

पैशाचेही सरळ सांगावयास हवे, कारण पुष्कळ मुलांना वाटते की चित्रफीत टाकली की पैसे सुरू. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला एक हजार वर्गणीदार लागतात (त्यांना पैसे पडत नाहीत, फक्त नाव नोंदवतात) आणि बारा महिन्यांत चार हजार तास बघितले जावे लागते. छोट्या 'शॉर्ट्स' असतील तर नव्वद दिवसांत एक कोटी वेळा बघितल्या जाव्या लागतात. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. ४० सेकंदांचा सिनेमा असेल, तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ३,६०,००० वेळा बघितला गेला पाहिजे. तेव्हा या भरवशावर कोणी कर्ज काढू नये. "अमुक हजार भरा, महिन्यात कमाई सुरू करून देतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बियाण्याच्या बोगस पिशवीपासून आपण जसे सावध राहतो, तसेच यांच्यापासूनही राहावे.

आणखी एक. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींचे उभे पीक एका रात्रीत गेले. बंदीची कारणे काय होती हा निराळा विषय आहे. आपण एवढेच शिकावे, की दुसऱ्याच्या रानात पीक घेतले तरी बेणे घरात राखावे. आपण केलेल्या कामाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी.

जुवाला शिवळा कुठायत?

त्या दिवशी निघताना मी तात्यांना म्हणालो, "एकदा शेजारी बसून बघा तरी." ते काही बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या भागात गेलो. मुलाने काम पुन्हा लावले होते. या वेळी शहाणा झाला होता. प्रत्येक चित्र वेगळी फाइल करून साठवायचे आणि शेवटी सगळी जोडायची, म्हणजे वीज गेली किंवा खटका पडला तरी झालेले काम वाया जात नाही, राहिले तिथून पुढे सुरू करता येते. "हे आधीच शिकायला पाहिजे होतं, चूक माझीबी होती," असे तो स्वतःहून म्हणाला.

सिनेमा लावला. तात्या उंबऱ्यात उभे होते, येऊन बसले नव्हते. पडद्यावर रात्र. कारखान्याच्या अड्ड्यावर उसाने भरलेली एक बैलगाडी. बैल कान हलवतोय, खाली कंदील लोंबतोय, गाडीवान वाढ्यांवर अंग टाकून झोपलाय. लांबवर धुराडे. बस्स, एवढेच. टायरची नव्हे, जुनी लाकडी चाकाची गाडी. तुंबा, आरे, लोखंडी धाव, सगळे होते.

मी तात्यांकडे बघितले. ते पुढे आले, पडद्याला बोट लावून म्हणाले, "ही आबांची गाडी."

"हो," मुलगा म्हणाला. "फोटोवरून केली."

"जुवाला शिवळा कुठायत? अशानं बैल मान काढून जाईल की. आणि जोती?"

मुलाने खाली मान घालून सांगितले, की फोटोत ते दिसत नव्हते. पुढे तो आणखी एक बोलला, ते मला महत्त्वाचे वाटते. एका वाक्यात चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धीची यंत्रे आता आली आहेत. त्याने तिथेही बैलगाडी मागून बघितली. बैल देखणे आले, परंतु जू मानेवर नव्हते, पाठीवर होते! तरीही त्याला रोज धास्ती वाटते, की मी शिकेपर्यंत सगळे यंत्रच करू लागेल, मग माझे काय?

तात्यांना यातले किती समजले कोण जाणे. ते उठले, गोठ्यामागे गेले आणि माळ्यावर पडलेले जुने जू झटकत घेऊन आले. "हे बघ. ही शिवळ. ही इथं बसती. जोतं असं फिरवायचं," असे म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने बांधून दाखवले. मुलगा सगळ्या बाजूंनी फोटो घेत होता. मी उठलो तेव्हा दोघांपैकी एकाचेही माझ्याकडे लक्ष नव्हते. वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "साहेब, आज दोघं एकाच ताटावर बसतील."

यंत्र किती हुशार होईल हे सांगण्याइतके माझे शिक्षण नाही. परंतु शिवळ कुठे बसते हे तात्यांना माहीत होते, आणि ते त्यांच्याकडून घ्यायला पोरगाच लागला.

थोडे स्वतःचे

हा विषय मला का लागला, तेही सांगून टाकतो. शाळेत मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. चित्रकलेचे सर घरी आले होते, पोराला पुढे शिकवा म्हणाले. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि मला शेतीच्या पदविकेला घातले. माझे वाईट झाले नाही. शेतकरी मेळाव्यात खोडकिडीची आणि लोकरी माव्याची जी रंगीत चित्रे आपण पाहिलीत, ती माझ्याच हातची. परंतु माझी चित्रांची वही वडिलांनी एकदाही उघडून बघितली नाही. चाळिशी उलटली तरी हे मनातून जात नाही. त्यांनी बघून "नको" म्हटले असते, तर चालले असते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्यांच्या तोंडून जे निघे, ते मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या. नंतर आचार्य अत्र्यांनी ती वही बघितली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. घरच्यांनी कान दिला नसता, तर ते सगळे जात्याबरोबरच थांबले असते. तिथे मुलाने आईचे राखले. आता आपली पाळी आहे.

काय करावे?

नेहमीप्रमाणे थोडक्यात शिफारशी देतो.

वडीलधाऱ्यांसाठी: महिन्यातून एकदा तरी शेजारी बसून "काय केलंस, दाखव" म्हणावे. कळले नाही तरी पुरे बघावे. खटका पाडण्याआधी विचारावे. चारचौघांत "सध्या काय करतोय?" असे कोणी विचारले, तर उत्तर आपण द्यावे, पोराला तोंडघशी पाडू नये. मुलींच्या बाबतीतही हेच. तिचे काम घरकामातून उरलेल्या वेळेतलेच, असे धरू नये.

मुलामुलींसाठी: काय करतोय, किती दिवस लागतील, किती खर्च आहे, हे घरात आधी सांगावे. कोणाला समजणार नाही, असे धरून गप्प बसू नये. आपल्या रानाचा आणि घराचा वाटा उचलावा. रात्रीच्या पाळीला वडील एकटे बांधावर असताना आपण दार लावून बसणे बरे नव्हे. आणि काम करताना आपल्याच गावातले बघावे. गुळाची ढेप जगात फार थोड्यांना करता येते.

सिनेमा दसऱ्याला पुरा झाला, शिवळांसह. माझ्या माहितीप्रमाणे तीनशेच्या आसपास लोकांनी बघितला. त्यात काही लांबून त्याच्यासारखेच शिकणारे होते, आणि एकाने बैलाच्या कानाचे कौतुक लिहिले, त्याचे मुलाला फार वाटले. सध्या तो सकाळी रान बघतो, लग्नपत्रिकांच्या चित्रफिती करून थोडे मिळवतो आणि रात्री शिकतो. पुण्याला जायचे त्याच्या मनात आहे. जाईलही. तात्या म्हणतात, "जाऊ दे की. सांगून जाणार हाय, पळून न्हाई."

परवा वजनकाट्यावर गर्दी होती. तात्या चारजणांना मोबाईल दाखवत उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणत होते, "हे जू बघा. शिवळा मी सांगितल्या."

खोडव्याला खताचा दुसरा हप्ता देण्याविषयी पुढील अंकी लिहीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी